तीन नंबरच्या नळाला लावलेलं विरजण

नमस्कार मंडळी! या सदरातले अनुभव मी पुष्कळ दिवसांपासून वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी पिंपळावरच्या बाईची गोष्ट काढली, की त्याला फळ्यापाशी बोलावते आणि हातात खडू देऊन म्हणते, "सिद्ध कर." पोरगं लाजून जागेवर जाऊन बसतं. आता माझ्याच बाबतीत असं काही घडलंय की मला कुणी फळ्यापाशी बोलावलं, तर मी काय लिहू हे मलाच कळत नाही… घाबरण्यासारखं काही नाही बरं का. उलट हे लिहिताना मला आनंद आवरत नाहीये!

आधी माझी ओळख. मी विद्या. माहेर संग्रामपूर तालुक्यातल्या एका लहान खेड्यात. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण मला शिकवलं ते मायच्या दह्यानं. माझी माय एका म्हशीच्या जोरावर बाजाराच्या दिवशी दही विकायची. तिचं दही मडकं उलटं केलं तरी पडायचं नाही. घरात सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे विरजणाची वाटी. शेजारणी विरजण मागायला यायच्या आणि माय कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त दिवेलागणीनंतर द्यायची नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "कारन काय असते वं त्याच्यात? नाई देत, म्हून नाई देत."

बी.एस्सी.साठी मी खामगावला गेले. तिथं गोदाकाकूंच्या घरी भाड्याची खोली मिळाली. काकू म्हणजे एकटी बाई. यजमान लवकर वारले, मुलं नोकरीनिमित्त दूर. घरामागच्या अंगणात ओळीनं खोल्या बांधलेल्या आणि त्यांच्या भाड्यावर काकूंचं सगळं चालायचं. अंगणात विहीर होती आणि विहिरीवर एक कडुनिंब वाकलेला. त्या पाण्याची चव मी अजून विसरलेली नाही. गोड, पण घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला निंबाचा अगदी बारीकसा कडवटपणा राहायचा. खोली पाहायला कुणी आलं, की काकू आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या. "आधी पानी पेय. पानी पटलं तं खोली पाह्य."

माझे वडील पहिल्या दिवशी गोणीत भांडी घेऊन आले, तेव्हा काकूंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "पोरीची फिकीर नका करू दादा, माह्यी आहे ते आता." त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. परीक्षेच्या दिवसांत काकू माझं जेवण झाकून ठेवायच्या. मी आज जी काही आहे, ती मायच्या दह्यामुळे आणि काकूंच्या खोलीमुळे. हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

काकूंचं एक वाक्य तेव्हाच डोक्यात बसलं होतं. एकदा दिवाळीला मुलं आली नाहीत, म्हणून मी हळहळले, तर त्या हसत म्हणाल्या, "पोरं फोन करतात, खोल्या जेवू घालतात. दोन्ही लागते मानसाले."

आता मूळ गोष्टीकडे येते. मी उशिरा नोकरीला लागलेली शिक्षिका, म्हणून जुनी पेन्शन आम्हाला नाही. मिस्टर खाजगी संस्थेत क्लार्क. तिथं तर निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि नमस्कार! त्यामुळे म्हातारपणाचं काय, हा विषय आमच्या घरी रोज रात्री जेवणासोबत वाढला जायचा. मिस्टर मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तज्ज्ञ झाले होते. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाले, "विद्या, आपल्याले पॅसिव्ह इन्कम पायजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपण झोपून राह्यलो तरी पैसा येऊन राह्यला पायजे."

"अहो, मग सरळ भाडं म्हणा ना! आमच्या गोदाकाकू तर व्हिडिओ निघायच्या आधीपासून पॅसिव्ह आहेत."

पण कल्पना दोघांनाही पटली. आम्ही राहतो ते संग्रामपूर तालुक्याचं ठिकाण. तहसील आहे, बँक आहे, रुग्णालय आहे. बदली होऊन येणाऱ्या माणसाला धड खोली मिळत नाही. आम्ही गावाबाहेरच्या नवीन लेआउटमध्ये प्लॉट घेतला. दोघांची आयुष्यभराची बचत त्यात घातली आणि ओळीनं चार खोल्या बांधल्या. प्रत्येकीला स्वयंपाकाचा ओटा, मागे न्हाणी, पुढे लहानसा व्हरांडा. चारी खोल्यांना मिळून गच्चीवर एकच टाकी. दारं मोरपंखी रंगाची, हा माझा हट्ट! स्लॅब पडला त्या दिवशी मी समोर उभी राहून मनातल्या मनात भाडेकरूंना बोलावत होते… एक नंबरला बँकेतले साहेब, दोन नंबरला तलाठी… आणि म्हातारपणी आम्ही दोघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलोय.

आमच्याकडच्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. आमचा भाग खारपाणपट्ट्याच्या काठावर आहे. जमिनीखालचं पाणी खारं. सातपुड्याकडे सरकावं तसं गोडं लागत जातं. कधी कधी तर रस्त्याच्या या बाजूला खारं आणि त्या बाजूला गोडं! म्हणून इथला माणूस आधी बोअर मारतो, पाणी चाखतो, मग पाया खोदतो. आम्ही विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबलो. बांधकामाला टँकरचं पाणी वापरलं आणि बोअर शेवटी मारला.

पाणी लागलं. भरपूर लागलं. मिस्टरांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि माझ्याकडे न बघता थुंकून टाकलं.

मी शाळेचं टीडीएस मीटर आणलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारं, पेनासारखं यंत्र असतं ना, तेच. आकडा पाहून मी ते पुसून पुन्हा बुडवलं. तोच आकडा. भाजीत मीठ टाकायची गरज नाही, असं पाणी! नळयोजनेची पाइपलाइन आमच्या लेआउटपर्यंत आलेली नाही. कधी येईल ते कुणी सांगत नाही.

'खोली भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लावला. माणसं यायची. दारं पाहून खूश व्हायची. मग नळ सोडून बोटं ओली करायची, जिभेला लावायची आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायची. एका बँकवाल्याच्या बायकोनं तर तोंडावरच सांगितलं, "ताई, खोल्या छान आहेत, पण या पाण्यानं केस गळाले तं कोणाले सांगावं?" मी हसले. घरी येऊन रडले.

अशात एक खताचे व्यापारी आले. त्यांना गोडाऊनसाठी जागा हवी होती. मधल्या भिंती पाडून चारी खोल्यांचा एक हॉल करायचा, असा त्यांचा हिशेब. किंमत आमच्या खर्चापेक्षा बरीच कमी. मिस्टर म्हणाले की विचार करतो, तर ते गृहस्थ हसून म्हणाले, "सर, विचार काय करता? खोल्याईले पानी लागते, खताच्या पोत्याले लागते का?"

मिस्टरांनी मला समजावलं. गुढीपाडव्यापर्यंत थांबू. तोवर एक जरी भाडेकरू राहायला आला, तर विकायचं नाही. नाही आला, तर पाडव्याला व्यवहार. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांच्या जागी युरियाची थप्पी दिसायला लागली.

त्याच दिवसांत शाळेच्या कामानं खामगावला गेले. काम आटोपून काकूंकडे डोकावले. गाडीची घाई होती, म्हणून पुढच्या खोलीतच टेकले. काकू आता फार थकल्यात, पण जीभ तशीच धारदार. मी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडू आलं.

"काऊन रडून राह्यली वं? पानी खारं निघालं तं निघालं. मानूस तं खारा नाई निघाला ना?"

"काकू, तुमच्यासारख्या खोल्या करायच्या होत्या मला… तुमचं पाणीच नाही माझ्याकडे."

काकू आत गेल्या आणि प्लास्टिकची पाण्यानं भरलेली बाटली घेऊन आल्या. माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे घे माह्या घरचं पानी. तुह्यी माय दही लावते ना? तिले म्हन, याचं विरजन लाव."

आम्ही दोघी खो-खो हसलो. माझं रडू थांबलं. मी पाया पडून निघाले. बसमध्ये ऊन खिडकीतून थेट अंगावर येत होतं, तहान लागली, तेव्हा त्याच बाटलीतलं अर्धं पाणी मी पिऊन टाकलं. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात ठेवा. साधं पाणी होतं. कोमट, प्लास्टिकच्या वासाचं. त्यात काहीही विशेष नव्हतं.

घरी माय आलेली होती. मी बाटली टेबलावर ठेवली आणि गंमत म्हणून काकूंचा निरोप सांगितला. मी हसत होते. माय हसत नव्हती.

"काकूनं सोताच्या हातानं देल्लं?"

"हो गं माय, पण मजाक होता तो."

"विरजनाची मजाक असते का?" असं म्हणून तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि ती देवळीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना माय एकटीच प्लॉटवर गेली. चावीचा जुडगा मिस्टरांच्या खिशात. तीन नंबरचं कुलूप बिघडल्यामुळे दाराला नुसती कडी होती. गुडघ्यांमुळे गच्चीवर चढणं तिला शक्य नाही. मग तिनं काय करावं? दही लावायच्या आधी ती मडक्याला आतून विरजण चोळते. तसंच तिनं तीन नंबरच्या ओट्यावरचा नळ बंदच ठेवला, बाटलीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन नळाच्या तोंडात वर सारलं आणि बोट घालून आतून चोळलं! मग नळाला फडकं बांधलं आणि घरी येऊन मला सांगितलं, "आज हात नको लावू त्याले. हलवलं तं लागत नाई."

मी कपाळाला हात लावला. विज्ञानाच्या बाईची आई नळाला विरजण लावून आली! मिस्टर तर म्हणाले, "आता शाळेत सांगू नको, नाही तर तुझं प्रमोशन राहून जाईल."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी रेखा सिस्टर आल्या. रुग्णालयात नवीन बदलून आलेल्या नर्स. मूळच्या लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या, म्हणून बोलणं जरा मराठवाड्याच्या अंगाचं. मी दारातच खरं ते सांगून टाकलं. "सिस्टर, खोल्या पाहा, पण पाणी खारं आहे. फसवायचं नाही म्हणून आधीच सांगते."

त्या हसल्या. "अहो मॅडम, मी खाऱ्या सरोवराच्या तालुक्यातली. मला काय खाऱ्याचं भ्या दाखवता?"

योगायोगानं एक आणि दोन नंबरमध्ये रंगाचे डबे होते, म्हणून त्यांना तीन नंबर दाखवला. फडकं अजून नळाला तसंच होतं. मी ओशाळून ते सोडलं. सिस्टरनी नळ उघडला, ओंजळ धरली, एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, मजाक करता का? पाणी तर गोड आहे की हो!"

मला वाटलं, बिचारी चांगुलपणानं बोलतेय. मी ओंजळ धरली.

मंडळी… गोड. स्वच्छ, गार, गोड पाणी! आणि गिळल्यावर जिभेच्या मागे काहीतरी बारीक, ओळखीचं. मी पळत दोन नंबरमध्ये गेले, रंगाच्या डब्यांवरून उडी मारून नळ सोडला. खारं! चार नंबर. खारं! पुन्हा तीन नंबर. गोड! सिस्टर दारात उभ्या राहून माझी ही पळापळ पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाही का? बीपी पाहू का?"

मी मीटर आणलं. तीन नंबरचा आकडा बाकीच्यांच्या जवळपासही नव्हता. मिस्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "ऊन लागलं असेल, सावलीत बस." आले, प्यायले, पुन्हा ओंजळ धरून पुन्हा प्यायले. मग म्हणाले, "मायले बोलाव."

माय आली. घोटभर प्यायली. चेहऱ्यावर आश्चर्याचं नावसुद्धा नाही. "लागलं," एवढंच म्हणाली. दही लागल्यावर म्हणते तसंच.

आता माझ्यातली शिक्षिका स्वस्थ कशी बसेल? आमचे प्लंबर रफिकभाई यांना बोलावलं. त्यांनी सगळी लाइन तपासली. दुसरं कुठलं कनेक्शन नाही, फिल्टर नाही, काही नाही. त्यांनी टाकीतलं पाणी चाखलं, खारं. तीन नंबरकडे येणारा पाइप आधीच्या जोडावर सोडवून चाखलं, खारं. पुन्हा जोडून नळातून चाखलं, गोड. त्यांनी तीनची तोटी काढून चारला बसवली आणि चारची तीनला. चार तरीही खारंच, तीन तरीही गोडच. शेवटी पाना पिशवीत टाकत ते म्हणाले, "मॅडम, टंकी एक, पाइप एक, पानी दोन. मी मजुरी नाई घेत याची. फक्त मले एक बाटली भरून द्या, घरवालीले दाखवतो."

तीन आणि चार नंबरच्या दोन बाटल्या भरून मी प्रयोगशाळेत तपासणीलाही पाठवल्या. रिपोर्टसोबत तिथल्या माणसाचा फोन आला. "मॅडम, हे दोन वेगवेगळ्या गावचे नमुने आहेत ना? एकावर गावाचं नाव टाकायचं राहिलं."

मिस्टरांचं व्यवहारी डोकं लगेच चालू झालं. तीन नंबरच्या नळाला लांब पाइप लावून एक वेगळं ड्रम भरायचं आणि तिथून चारी खोल्यांना द्यायचं. लावला पाइप. ड्रम भरलं. चाखलं तर खारं! पाइप काढून नळाखाली बादली धरली, गोड. माय व्हरांड्यात बसून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "जावई, जबरदस्ती नोका करू. ज्याले पायजे त्यानं येऊन घेऊन जावं. विरजन असंच असते."

मग तोच नियम केला. सिस्टर तीन नंबरमध्ये आल्या. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी चारी खोल्यांनी तिथून भरायचं, दार सकाळ-संध्याकाळ उघडं. मी अकरा महिन्यांच्या करारात ही अट लिहिली, तेव्हा लिहून देणारा माझ्याकडे पाहतच राहिला. सिस्टरना मी स्पष्ट सांगितलं होतं, "हे पाणी गोड का आहे, मला माहीत नाही. उद्या खारं झालं तर मला बोल लावू नका." त्या म्हणाल्या, "मॅडम, दवाखान्यात आम्ही रोज पाहतो, माणूस का बरा झाला ते डॉक्टरलाही सांगता येत नाही कधी कधी. बरा झाला ना? मग घरी सोडायचं."

पाडव्याच्या आत चारी खोल्या भरल्या! चारी! एक नंबरला खरोखरच बँकेतले साहेब आले, आणि केसांचं बोलणारी त्यांची तीच बायको आता रोज कळशी घेऊन तीन नंबरला येते. पाडव्याला खताचे व्यापारी आले, तेव्हा मिस्टरांनी त्यांच्या हातात आधी पाण्याचा तांब्या दिला. ते प्यायले, तांब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "जार कुठून आनता सर?" मिस्टर म्हणाले, "शेठ, खताच्या पोत्याले पाणी लागत नाही. तुम्ही कशाला चौकशी करता?" इतके दिवस दाबून ठेवलेलं त्यांचं ते हसू! आमच्या लग्नातसुद्धा इतके हसले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, काकूंच्या विहिरीच्या पाण्यात काही गुण असेल. मलाही तसंच वाटत होतं. म्हणजे पटत नव्हतं, पण निदान धरायला एक टोक होतं. तेही काढून घेतलं गेलं.

काकूंना मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी करून त्यांना संग्रामपूरला आणलं. मोरपंखी दारं पाहून त्या म्हणाल्या, "रंग तं नवरीच्या शालूसारखा देल्ला वं!" चारी भाडेकरू बाहेर आले, पाया पडले. मग व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवून मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. बाटली, बस, माय, नळाचं तोंड, रफिकभाई, रिपोर्ट…

काकू आधी हसल्या. मग त्यांचं हसणं थांबलं.

"विद्ये, कोनत्या विहिरीचं पानी म्हनते तू?"

"तुमच्या अंगणातल्या. तुम्हीच तर बाटली दिलीत."

"बाई, विहीर कवाचीच बुजवली. पोरानं त्याच्यावर गाडीसाठी फरशी टाकली. निंब बी तोडला." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "ते बाटली तं जारच्या पान्याची होती वं. आम्ही बी आता जारच घेतो. तू रडून राह्यली होती, मंग तुले हसवाव म्हून म्या विरजनाचं बोलली. गाडीत तहान लागन म्हून बाटली देल्ली."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्याकडचं ते एकुलतं टोकही सुटलं.

सिस्टर आतून फुलपात्र भरून घेऊन आल्या. "आजी, आधी पाणी तर प्या."

काकूंनी एक घोट घेतला. तोंडात तसाच धरून ठेवला. डोळे मिटले. मग गिळला, आणि त्यांचा हात हळूच वर आला, डोक्याच्या वर, एखादी वाकलेली फांदी बाजूला सारावी तसा. विहिरीवर पाणी शेंदताना त्या नेमकं असंच करायच्या. निंबाची फांदी डोक्याला लागायची म्हणून.

"माह्यी विहीर आहे हे," त्या म्हणाल्या. एवढंच. मग पदर डोळ्यांना लावला.

मी फुलपात्र घेऊन उरलेलं पाणी प्यायले. आता मला ती चव ओळखता आली. पहिल्या रविवारीच ओळखायला हवी होती! गोड, आणि मागे निंबाची बारीक कडवट रेघ. जी विहीर फरशीखाली आहे, जो निंब तोडला, त्याची चव. खामगावहून कितीतरी दूर, आमच्या खाऱ्या जमिनीत, तीन नंबरच्या नळाला.

 सातपुड्याच्या बाजूचं आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. काकू उठल्या, पदर खोचला आणि एकदम जुन्या आवाजात म्हणाल्या, "चाल, बाटली आन. आता मलेच विरजन दे."

"देते ना काकू, चहा झाल्यावर…"

आणि तेवढ्यात चहा टाकायला आत गेलेली माय तिथूनच ओरडली, "चहा मंग! दिवा लावाची वेळ होऊन राह्यली, आधी बाटली भर!"

मंडळी, मी विज्ञानाची शिक्षिका, पन्नाशीकडे झुकलेली बाई, चपला न घालता धावले! सिस्टरनी बाटली विसळली, बँकवाल्या वहिनींनी आपली भरत असलेली कळशी बाजूला सारली, मिस्टर सूर्याकडे पाहत "भर, भर, अजून आहे, अजून आहे" म्हणत होते. बाटली काठोकाठ भरून मी काकूंच्या हातात दिली, तेव्हा ऊन व्हरांड्याच्या शेवटच्या पायरीवर होतं. मग मायनं दिवा लावला.

मला यातलं काहीही सिद्ध करता येत नाही. रिपोर्ट आहे, मीटर आहे, चार भाडेकरू साक्षीला आहेत. पण कारण? शून्य. रोज शाळेत जायच्या आधी मी तीन नंबरवर जाते, मीटर बुडवते, आकडा पाहते आणि घोटभर पिऊन पुढे जाते. तुमच्यापैकी कुणी रसायनशास्त्रातलं असेल, तर जरूर सांगा. मनापासून ऐकेन. आणि तुमच्या बोअरचं पाणी खारं असेल, तर बाटली घेऊन या. फक्त दिवेलागणीच्या आत.

काकूंना काल फोन केला होता. त्यांनी ते पाणी घरी स्वयंपाकघरातल्या नळाला चोळलंय म्हणे. न राहवून विचारलं, "काकू, लागलं का हो?"

तर म्हणाल्या, "घाई नोको करू वं विद्ये. दही का घडीघडी झाकन उघडून लागते?"